वऱ्हाडांतील परिचारिका आणि तिचीं साधनें

अमरावतीस आलेल्या पाहुण्यानें रिक्षावाल्याला "जिल्हा स्त्री रुग्णालयांत ने" असें सांगितलें, तर तो क्षणभर घोटाळेल. "डफरीनला ने" म्हटलें कीं लगेच निघेल. त्याच शहरांतील सामान्य रुग्णालयाला लोक आजहि 'इर्विन' म्हणतात, आणि अकोल्यास स्त्रियांच्या इस्पितळाला 'लेडी हार्डिंग'. एक व्हाइसरॉय आणि दोघा व्हाइसरॉयांच्या पत्नी यांचीं नांवें वऱ्हाडी माणसाच्या जिभेवर अशीं घर करून बसलीं आहेत. पण या इस्पितळांच्या दालनांतून रात्र-रात्र जागलेल्या परिचारिकांपैकीं एकीचेंहि नांव आपणांपैकीं बहुतेकांस सांगतां यावयाचें नाहीं. आजच्या भाषणांत, श्रोतेहो, त्यांच्याविषयीं आणि त्यांच्या हातांत वेळोवेळीं आलेल्या साधनांविषयीं मला कांहीं सांगावयाचें आहे.

निमित्त ताजें आहे. ज्याला आज कृत्रिम बुद्धिमत्ता असें नांव मिळालें आहे, तें नवें साधन मोबाइलच्या किंवा टॅब्लेटच्या रूपानें खेड्यापाड्यांतील आरोग्यकेंद्रांपर्यंत पोंचूं लागलें आहे. छातीचें क्ष-किरण चित्र पाहून क्षयाची शंका सांगणारें, लक्षणांवरून संभाव्य रोगांची यादी पुढें ठेवणारें, कोणत्या गरोदर बाईकडे आधीं लक्ष द्यावें हें सुचविणारें असें हें साधन आहे. या नव्या पाहुण्याला घरांत घ्यावें कीं उंबऱ्याबाहेर ठेवावें, याची चर्चा शहरांतील दिवाणखान्यांतून रंगते. परंतु डॉक्टरचें साधन परिचारिकेच्या हातांत येण्याची ही पहिली वेळ नव्हे. पूर्वीं असें घडलें तेव्हां काय झालें, कशानें जीव वांचले आणि कशानें केवळ कागद भरले, हें पाहिलें तर नव्या साधनाचा विचार पुष्कळच सोपा होतो.

वऱ्हाड प्रांत १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला आणि १९०३ सालीं तो मध्यप्रांताला जोडण्यांत आला. आगगाडी आली, कापसाच्या गांठी मुंबईला जाऊं लागल्या, अमरावती आणि अकोला या शहरांना पैसा दिसूं लागला. तरी बाळंतपण घरांतल्या अंधाऱ्या खोलींत, सुईणीच्या अनुभवावर भिस्त ठेवून, पूर्वींसारखेंच होत राहिलें. १८८५ सालीं लेडी डफरीन यांच्या नांवाचा फंड निघाला. हिंदी स्त्रियांना स्त्री-वैद्यांकडून उपचार मिळावेत, आणि स्त्री-डॉक्टर, परिचारिका व सुइणी यांच्या शिक्षणाची सोय व्हावी, हा त्याचा हेतु होता. पैशानें इमारती उभ्या राहिल्या. पण परिचारिका कोठून आणावयाच्या?

परक्या माणसाचें अंग पुसणें, त्याचें मलमूत्र काढणें, कोणत्याहि जातीच्या रुग्णाला शिवणें आणि रात्रीं घराबाहेर राहणें, या चारहि गोष्टी त्या काळच्या पांढरपेशा कुटुंबांत निषिद्ध होत्या. म्हणून प्रारंभीं हें काम मुख्यतः ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन स्त्रियांनीं केलें, आणि त्यांचें ऋण आपल्या समाजानें पुरेसें मानलेलें नाहीं. पुण्यास १९०९ सालीं सेवासदन उभें राहिलें. रमाबाई रानडे यांनीं परिचारिकांच्या शिक्षणाचा प्रश्न हातीं घेतला, तेव्हां हिंदु घरांतील विधवांना ससून इस्पितळांत शिकावयास पाठविणें ही कल्पनाच लोकांना सोसवेना. परंतु त्या स्त्रिया गेल्या, शिकल्या, आणि हळूहळू टीका करणाऱ्यांच्याच घरीं दुखण्या-बाण्याला त्यांना बोलावणीं येऊं लागलीं.

तरीहि संख्या फार थोडी होती. १९४६ सालीं भोर समितीनें आपला अहवाल दिला. त्या हिशेबाप्रमाणें आपल्या देशांत दर ६,३०० माणसांमागें एक डॉक्टर होता, आणि परिचारिका दर ४३,००० माणसांमागें एक! युरोपांत डॉक्टर थोडे व परिचारिका पुष्कळ. आपल्याकडे सगळें उलटें. डॉक्टर निदान नजरेस तरी पडे. परिचारिका ही त्याहूनहि दुर्मिळ होती. तेव्हां तिच्या हातांत कोणतें साधन द्यावें या प्रश्नाआधीं, मुळांत ती आहे कोठें, हा प्रश्न होता. आजहि दूरच्या मुलुखांत हाच क्रम लागू आहे, हें आपण पुढें पाहूं.

आतां साधनांकडे वळूं. तापमापकाचें उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हें साधन फूटभर लांब असे आणि ताप पाहावयास वीस मिनिटें लागत. १८६७ च्या सुमारास ऑलबट या इंग्रज डॉक्टरानें सहा इंची तापमापक प्रचारांत आणला आणि काम पांच मिनिटांवर आलें. आरंभीं डॉक्टर स्वतः ताप मोजीत. पुढें दर चार तासांनीं ताप मोजणें कंटाळवाणें ठरलें आणि तें काम परिचारिकेकडे आलें. रक्तदाब मोजण्याचें साधन रिवा-रोच्ची यांनीं १८९६ सालीं तयार केलें. नळीनें ठोके ऐकून दाब ठरविण्याची रीत कोरोत्कोव्ह यांनीं १९०५ सालीं सांगितली. तेंहि साधन बराच काळ डॉक्टरांनीं आपल्याकडेच ठेवलें, आणि नावीन्य ओसरल्यावर तें परिचारिकेच्या हातीं आलें. म्हणजे साधन नवें असतें तोंवर तें डॉक्टरचें, आणि अंगवळणीं पडलें कीं परिचारिकेचें, असा क्रम येथें दिसतो.

शिवाय तिला दिलें गेलें तें मोजण्यापुरतें. एकशेतीन ताप आहे, असें तिनें तक्त्यावर लिहावें. त्याचा अर्थ काय, आणि त्यावर काय करावयाचें, हें ठरविणें तिचें काम नव्हे. मोजणारी एक आणि ठरविणारा दुसरा ही वांटणी इस्पितळांत चालून गेली, कारण ठरविणारा शेजारच्या खोलींत होता. खेड्यांत तो शेजारीं नव्हता, तालुक्याला होता. आणि पावसाळ्यांत तालुक्याचा रस्ता बंद असे.

१९५१ सालीं पंजाबांतील तरनतारन येथें साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम प्रथम सुरू झाला. जिला आज सरकारी कागदांत 'एएनएम' आणि गांवांत 'सिस्टर' किंवा 'नर्सबाई' म्हणतात, ती हीच. पुढें उपकेंद्रांचें जाळें विणलें गेलें. सपाट मुलुखांत पांच हजार, आणि डोंगराळ व आदिवासी भागांत तीन हजार वस्तीमागें एक उपकेंद्र, असें प्रमाण ठरलें. येथें परिचारिका इस्पितळाच्या भिंतीबाहेर, एकटी, पहिल्यानें उभी राहिली. नाल्याला पूर आलेला आहे, प्रसूति अडली आहे. बाईला आतां हलवावें कीं आणखी दोन तास वाट पाहावी, हें तिनेंच ठरवावयाचें. लौकर हलविलें आणि वाटेंतच सुखरूप सुटका झाली, तर वरून बोलणीं बसतात. उशीर केला तर जीव जातो. तिला मोजावयास शिकविलें होतें, ठरविण्याचें ओझें मात्र तिच्यावर आपोआप येऊन पडलें.

हें ओझें हलकें करणारें एक साधन आफ्रिकेंतून आलें, आणि त्याची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्या वेळच्या ऱ्होडेशियांत, म्हणजे आजच्या झिंबाब्वेंत, लहान लहान प्रसूतिकेंद्रें सुईण-परिचारिकांच्या हवालीं असत आणि डॉक्टर दूरच्या शहरांत असे. फिलपॉट व कॅसल या दोन डॉक्टरांनीं १९७२ सालीं प्रसूतीच्या प्रगतीचा एक तक्ता प्रसिद्ध केला. आखीव कागदावर दर तपासणीला एक खूण करावयाची. कागदावर दोन तिरप्या रेघा: पहिली सावधानतेची, आणि तिच्या चार तास पुढें दुसरी, कृतीची. गर्भाशयाचें मुख तासाला एक सेंटिमीटर या गतीनें उघडत नसेल, तर खूण पहिली रेघ ओलांडते. ओलांडली कीं बाईला मोठ्या इस्पितळांत धाडावयाचें. पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें आग्नेय आशियांत पस्तीस हजारांहून अधिक प्रसूतींवर या तक्त्याची परीक्षा घेतली. १९९४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा कीं, लांबलेल्या प्रसूतींचें प्रमाण शेंकडा ६.४ वरून ३.४ वर आलें.

एका कागदानें एवढें कसें साधलें? साध्या रेघेंत अनुभवी डॉक्टरचा निर्णय भरून ठेवलेला होता, आणि तो सर्वांना दिसत होता. "मला वाटलें म्हणून पाठविलें" असें सांगणाऱ्या परिचारिकेला कोणीहि गप्प बसवूं शकतो. "खूण रेघेपलीकडे गेली म्हणून पाठविलें" या उत्तरापुढें मोठ्या इस्पितळांतील तज्ज्ञालाहि बोलतां येत नाहीं. पण याच तक्त्याची दुसरी बाजूहि आहे. अनेक देशांत पाहणी करणाऱ्यांना असें आढळलें कीं, पुष्कळ ठिकाणीं हा तक्ता प्रसूति आटोपल्यावर, सावकाश बसून, भरला जातो. वरिष्ठ तपासावयास येतात तेव्हां तो पूर्ण दिसला पाहिजे, एवढेंच त्याचें प्रयोजन उरतें. साधन तेंच, पण रुग्णासाठीं वापरलें तर जीव वांचतो, आणि वरिष्ठांसाठीं वापरलें तर निव्वळ कागद भरतो.

दुसरें उदाहरण आपल्या विदर्भांतलेंच आहे. वऱ्हाडच्या पूर्वेस, विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोली आहे. तेथें अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनें लहान मुलांच्या न्यूमोनियाचा प्रश्न हातीं घेतला. छाती तपासावयास डॉक्टर नाहीं. पण श्वास मोजले तरी न्यूमोनियाची शंका घेतां येते. दोन महिन्यांच्या आंतील बाळ मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेत असेल, अथवा त्याहून मोठें, वर्षाच्या आंतलें मूल पन्नास किंवा अधिक, तर धोका समजावा. पण सुईणीला साठपर्यंत मोजतां येत नसेल तर? त्यावर त्यांनीं एक साधन केलें: एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं शेवटच्या मण्यापर्यंत पोंचलें, तर मुलाला औषध सुरू करावयाचें. अक्षरशत्रु म्हणून हिणविलेल्या बाईच्या हातांत अशा रीतीनें निदान आलें.

याच संस्थेनें १९९५ ते १९९८ या काळांत ३९ गांवांत, त्या त्या गांवांतील स्त्रियांना नवजात बाळाची घरींच काळजी घेण्यास शिकविलें. बाळाला ऊब देणें, वजन करणें, जंतुदोषाचीं लक्षणें ओळखणें, आणि प्रसंगीं प्रतिजैविकाचें इंजेक्शन टोंचणें एवढें सगळें त्यांत होतें. तिसऱ्या वर्षीं या गांवांतील नवजात बाळांच्या मृत्यूचें प्रमाण, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, शेंकडा ६२ नीं घटलें. 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकांत १९९९ सालीं हा अहवाल आला, आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघर नवजात बाळ पाहण्याची रीत देशभर सुरू झाली. या यशाचें श्रेय एकट्या मण्यांना देणें चूक होईल. मणी सरकविणाऱ्या बाईला नियमाचें कारण समजावून दिलें होतें. तिच्या पिशवींत औषध होतें. आणि तें देण्याचा अधिकार तिला होता. यांतील एक गोष्ट काढून घेतली असती, तर मणी खेळण्यापुरते राहिले असते.

नियमाचें कारण, हातांतला उपाय आणि तो करण्याचा अधिकार, हीं तीन मापें बरोबर घेऊन आतां मेळघाटांत येऊं. अमरावती जिल्ह्याचे चिखलदरा व धारणी हे दोन तालुके म्हणजे सातपुड्याचा डोंगराळ मुलूख. परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, हरिसाल असें करीत धारणीस पोंचावें लागतें. अमरावतीपासून हें अंतर सुमारें दीडशें किलोमीटर. वस्ती मुख्यतः कोरकू लोकांची. १९९३ सालीं येथील कुपोषणाच्या व बालमृत्यूंच्या बातम्यांनीं सारा महाराष्ट्र हादरला. मूल आजारी पडलें कीं प्रथम भूमकाकडे नेण्याची चाल येथें आहे, आणि पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके दिल्याच्या बातम्या अजूनहि वाचावयास मिळतात. अशा ठिकाणीं बैरागड येथें रवींद्र व स्मिता कोल्हे हें डॉक्टर दांपत्य राहिलें, धारणीजवळ उतावली येथें आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेनें गांवच्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलें, आणि सरकारी परिचारिका व आशा यांनीं पायवाटा तुडविल्या.

या मुलुखांत २०१६ सालीं हरिसाल या गांवाचें नांव एकाएकीं देशभर झालें. राज्य सरकार व मायक्रोसॉफ्ट कंपनी यांनीं तें देशांतील पहिलें 'डिजिटल गांव' करावयाचें योजिलें. दूरचित्रवाणीसाठीं राखलेल्या पण रिकाम्या राहिलेल्या लहरींवरून तेथें इंटरनेट नेण्याचा प्रयोग झाला. आपण ज्या लहरींवर हें भाषण ऐकतां त्यांच्याच गोत्रांतल्या या लहरी डोंगर-झाडींतून दूरवर पोंचतात, म्हणून त्यांची निवड झाली. प्राथमिक आरोग्यकेंद्रांतून शहरांतील डॉक्टरशीं पडद्यावर बोलण्याची सोय हा त्या योजनेचा एक भाग होता. २०१९ च्या लोकसभा निवडणुकींत याच गांवाच्या यशापयशावरून सभा गाजल्या. त्या वादांत मला शिरावयाचें नाहीं. इतिहासाच्या दृष्टीनें त्यांतून निघणारी गोष्ट एवढीच कीं, तार पोंचली म्हणजे उपचार पोंचला असें होत नाहीं. पडद्याच्या पलीकडे डॉक्टर बसलेला असावा लागतो, अलीकडे वीज असावी लागते, आणि मधें रुग्णाला हात लावून पाहणारी परिचारिका असावी लागते.

पुढें २०१९ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' ही दूरवैद्यकाची व्यवस्था सुरू झाली. उपकेंद्रावरचा समुदाय आरोग्य अधिकारी किंवा परिचारिका रुग्णाला समोर बसविते आणि दूरचा डॉक्टर सल्ला देतो. या व्यवस्थेंत लक्षणें नोंदवितांना संभाव्य निदानें सुचविणारी यंत्राची जोडहि आतां आलेली आहे. म्हणजे जी परिचारिका काल मोजीत होती, ती आज यंत्राचें मत आणि डॉक्टरचें मत यांच्या मधोमध बसली आहे.

हें यंत्राचें मत येतें कोठून? तक्त्याच्या रेघेमागें आणि मण्यांमागें माणसानें लिहिलेला नियम होता: साठ श्वास, चार तास. नव्या साधनामागें असा लिहिलेला नियम नसतो. ज्यांचें निदान आधींच ठाऊक आहे अशीं लक्षावधि चित्रें किंवा नोंदी यंत्राला दाखवितात. रोगी व निरोगी यांतील फरक तें आपल्यापुरतें हुडकून काढतें, आणि नवें चित्र समोर आलें कीं पूर्वीं पाहिलेल्यांशीं ताडून आंकडा सांगतें. हा आंकडा पुष्कळदां विलक्षण अचूक असतो. क्षयाच्या बाबतींत जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं पंधरा वर्षांवरील माणसांची क्ष-किरण चित्रें चाळणीसाठीं यंत्रानें वाचावयास मान्यता दिली. मुंबईच्या 'अरमान' या संस्थेनें गरोदर स्त्रियांना दूरध्वनीवरून दर आठवड्याला आरोग्यसंदेश ऐकविण्याची योजना चालविली. कोणती बाई संदेश ऐकणें सोडून देईल याचा अंदाज यंत्राकडून घेऊन तिलाच आधीं फोन केला, तेव्हां सुमारें २३,००० स्त्रियांच्या चाचणींत ही गळती जवळजवळ तीस टक्क्यांनीं कमी झाली. माणसें थोडीं आणि काम फार, अशा ठिकाणीं हा लाभ लहान नव्हे.

परंतु यंत्राचें शहाणपण त्यानें जें पाहिलें तेवढेंच असतें. अमेरिकेंत २०१९ सालीं एक प्रकार उघडकीस आला. कोणत्या रुग्णाला अधिक मदतीची गरज आहे, हें ठरविणारें एक साधन आजाराचें माप म्हणून खर्चाचा आंकडा धरीत होतें. काळ्या लोकांवर खर्चच कमी होत असल्यामुळें, तितकेच आजारी असूनहि ते कमी आजारी ठरत. दुसऱ्या वर्षीं असें दिसून आलें कीं, बोटाला लावून रक्तांतील प्राणवायु मोजणारें छोटें यंत्रहि काळ्या कातडीच्या रुग्णांत फसतें. प्राणवायु धोकादायक उतरलेला असतांना तें सारें ठीक असल्याचें सांगतें, आणि हें गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळां घडतें. आतां मेळघाटाचा विचार करा. जें मूल आधीं भूमकाकडे गेलें, दवाखान्यांत कधीं आलेंच नाहीं, त्याची नोंद कोणत्या वहींत आहे? नोंदच नसेल, तर यंत्रानें त्याच्याकडून काय शिकावें? ज्यांना वैद्यकीय मदत सर्वांत कमी मिळाली, त्यांच्याविषयीं यंत्राला सर्वांत कमी ठाऊक असतें.

भाषेचा प्रश्न तितकाच मोठा आहे. कोरकू ही मराठीचीहि बहीण नव्हे आणि गोंडीचीहि नव्हे; ती मुंडा कुळांतील स्वतंत्र भाषा. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें ती बोलणारे सात लाखांहून अधिक आहेत. पण घटनेच्या आठव्या परिशिष्टांत तिचें नांव नाहीं, आणि बोललेलें समजून घेणारीं सरकारी यंत्रें मुख्यतः त्या परिशिष्टांतील बावीस भाषांसाठीं तयार झालीं आहेत. आई आपल्या बाळाविषयीं काय सांगते, हें यंत्राला कळावयाचें तर तें परिचारिकेच्या कानांतून आणि तिच्या मराठीतूनच गेलें पाहिजे. तिनें भाषांतर करतांना एक शब्द गाळला, तर यंत्राचें निदान त्या गाळलेल्या शब्दावांचूनच होतें.

आणखी एक अडचण कायद्याची आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्राशीं निगडित आहे. अनुभव नसलेल्या हातांनींहि पोटावरून साधी फिरविलेली सोनोग्राफी यंत्रानें वाचावी आणि गर्भाचें वय सांगावें, असे प्रयोग झांबियांत व अमेरिकेंत यशस्वी झाले आहेत. दूरच्या उपकेंद्राला याहून उपयुक्त साधन कोणतें? परंतु गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारें पहिलें राज्य महाराष्ट्र, १९८८ सालीं. पुढें १९९४ सालीं देशाचा कायदा झाला, आणि सोनोग्राफी कोणीं व कोठें करावी यावर कडक बंधनें आलीं. तीं बंधनें मुलींच्या जिवासाठीं आलीं आहेत, आणि तीं सैल करावींत असें कोणी सुज्ञ माणूस सहसा म्हणणार नाहीं. एका भल्या साधनाला दुसऱ्या भल्या कायद्यानें अडवावें, असेंहि घडतें. तेव्हां परदेशांत साधन चाललें म्हणजे येथेंहि चालेल, हा हिशेब कच्चा आहे.

आतां परिचारिकेच्या शिक्षणाकडे येऊं. भारतीय परिचर्या परिषदेनें २०२१ सालीं पदवीचा अभ्यासक्रम नव्यानें आंखला, त्यांत आरोग्यविषयक माहितीशास्त्र व तंत्रज्ञान हा विषय आला. ही इष्टच गोष्ट झाली. परंतु कोणतें बटण केव्हां दाबावें एवढेंच शिकविलें, तर आपण तिला पुन्हा तापमापकाच्या काळांत नेऊन बसवूं. यंत्रानें सांगितलेला आंकडा तक्त्यावर उतरविणारी लेखनिका, एवढेंच तिचें स्थान राहील. तिला हें शिकविलें पाहिजे कीं, हें यंत्र कोणाचीं चित्रें पाहून शहाणें झालें. तें कोठें फसतें. आणि डोळ्यांसमोरचें मूल मलूल पडलें असतां यंत्र 'धोका नाहीं' म्हणत असेल, तर कोणावर विश्वास ठेवावा. गडचिरोलीच्या सुईणीला साठ श्वासांचें कारण सांगतां आलें. उपकेंद्रावरच्या सिस्टरला यंत्राचें कारण सांगतां येणार नाहीं. म्हणून त्याच्या मर्यादा तरी तिला पाठ असल्या पाहिजेत.

आणि हें शिक्षण आणखी एका गोष्टीवांचून व्यर्थ आहे. २५ मार्च २०२० रोजीं दूरवैद्यकाचे जे नियम सरकारनें प्रसिद्ध केले, त्यांत यंत्रानें स्वतः रुग्णाला सल्ला किंवा औषध देऊं नये, तें डॉक्टरला साहाय्य करूं शकेल, शेवटचा शब्द डॉक्टरचा, असें स्पष्ट म्हटलें आहे. नियम योग्य आहे. पण डॉक्टरपर्यंत काय पोंचवावयाचें आणि कोणाला पोंचवावयाचें, हें ठरविणारी उपकेंद्रावर असते. यंत्राचें मत झुगारून तिनें मुलाला धारणीला पाठविलें आणि मूल दोन दिवसांत बरें होऊन आलें, तर रुग्णवाहिका उगाच दवडली म्हणून तिला जाब विचारला जाईल काय? यंत्राचें मत मानून तिनें मुलाला घरीं ठेवलें आणि मूल गेलें, तर दोष कोणाचा? यंत्राला बोलावून घेतां येत नाहीं, नर्सबाईला येतें.

म्हणून माझी सूचना लहानशी आहे. ज्या तक्त्यावर, किंवा टॅब्लेटच्या ज्या पानावर, यंत्राचें मत उमटतें, त्याच पानावर परिचारिकेच्या मतासाठीं एक रकाना असावा. दोन मतें जुळलीं नाहींत तर तिनें आपलें कारण तेथें दोन ओळींत लिहावें, आणि तें कारण वाचणें वरच्या डॉक्टरवर बंधनकारक असावें. महिनाअखेर अशा सर्व नोंदी एकत्र काढाव्यात आणि कोठें यंत्र बरोबर ठरलें, कोठें बाई, हें सर्वांसमोर वाचून दाखवावें. त्यानें परिचारिका शिकेल, डॉक्टर शिकेल, आणि यंत्र तयार करणाऱ्यांनाहि मेळघाटांतील मुलांविषयीं जें आजवर ठाऊक नव्हतें तें कळेल. झिंबाब्वेंतील त्या कागदावरच्या रेघेनें एकट्या सुईणीला बोलण्याचें बळ दिलें होतें. नव्या यंत्रानें तिचें तोंड बंद केलें, तर तें कितीहि हुशार असलें तरी मागें नेणारें साधन ठरेल. आणि तिचें म्हणणें पानावर लिहून घेतलें, तर आजवर इमारतींच्या नांवांत हरवलेल्या त्या हातांचा अनुभव प्रथमच, तारीखवार, नोंदला जाईल.